छापायला हरकत नाही

आर्वो कांगासच्या लाकडी पेटीत चारशे बारा कार्डं होती, आणि दर कार्डावर दोन दोन इंग्रजी शब्द. वरवर जुळे, वागायला वेगळे. अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या वर्तमानपत्रात एकतीस वर्षं मजकुरावरची शेवटची नजर त्याची असे. संपादनाच्या टेबलावर कुणी नवा माणूस रुजू झाला की दुपारी चारला आर्वो पेटीतून एक कार्ड उपसायचा. "सांगा पाहू, यातला कोण कुठे बसतो?" चुकला की त्या दिवशी सगळ्यांची कॉफी त्याच्याकडे.

कार्डांच्या पाठीवर त्यानं ओळी जुळवलेल्या असत. फ्यूअर आणि लेस, दोन्हींचा अर्थ 'कमी'च; त्या कार्डामागे लिहिलं होतं :

मोजता येतं ते फ्यूअर, मोजता न ये ते लेस,
दिवस झाले फ्यूअर, लेम्पी, उजेड झाला लेस.

लेम्पी म्हणजे त्याची बायको. ती हसायची. "माझं नाव कशाला मध्ये?"

"लय सांभाळायला," तो म्हणायचा.

नोव्हेंबरात त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. हातपाय वाचले, वाचा गेली. चारशे बारा जोड्यांतून एकच शब्द उरला : बरोबर.

आता शुक्रवारी परीक्षा होती. कागदावर वीस चित्रं, खाली वीस रिकाम्या जागा. बारा नावं लिहिली तर वाचा-उपचाराच्या वॉर्डात आणखी सहा आठवडे, मग कदाचित घर. नाहीतर उत्तरेला दोन तासांवरचं एक केंद्र. तिथे शिकवत नाहीत, सांभाळतात.

लेम्पी रोज चारला पेटी घेऊन येई. डब्यात रानतांदळाचं सूप, बुटांना बर्फ.

"हे काय आहे, आर्वो?" ती कप उचले.

"बरोबर."

"आणि हे?"

"बरोबर."

"आता सगळंच बरोबर होय रे! चाळीस वर्षं संसार केला, माझी किराण्याची यादीसुद्धा दुरुस्त केल्याशिवाय सोडली नाहीस."

गुरुवारी तिनं बिसाइड आणि बिसाइड्सचं कार्ड काढलं. पाठीवरचं वाचलं : शेजारी बसते ती बिसाइड, तिच्याखेरीज कोण, ते बिसाइड्स. आर्वोनं ऐकलं. मग हळूच शेजारच्या खुर्चीवर हात थोपटला. लेम्पी तिथे बसली. खिडकीबाहेर सरोवर काठाकाठानं गोठत होतं. त्या रात्री तिनं घरी पलंगावरची त्याच्या बाजूची चादर बदलली, तो उद्याच येणार असल्यासारखी.

शुक्रवारी मार्लिसनं कागद पुढे ठेवला. मार्लिस तिथली वाचा-उपचार करणारी, मायेची बाई. "मिस्टर कांगास, सावकाश हं. चित्र बघा, नाव लिहा."

आर्वोनं पेन्सिल उचलली आणि पाठ ताठ केली. लेम्पीला ती पाठ ओळखीची होती. तो चित्रांकडे गेलाच नाही. वर बारीक अक्षरांत सूचना छापल्या होत्या. तिथे त्याची पेन्सिल चालू लागली. एक स्वल्पविराम उडाला. एक वाक्य दुसऱ्याच्या मागे गेलं. एका लेसवर रेघ आली आणि समासात फ्यूअर उमटलं, जुन्या, देखण्या वळणात. वेळ संपली तेव्हा सूचना निर्दोष होत्या आणि वीसच्या वीस जागा रिकाम्या.

"बघितलंस?" लेम्पी उठून उभीच राहिली. "मार्लिस, त्यानं लिहिलं! त्याला येतंय सगळं!"

मार्लिसनं समासातल्या शब्दावर बोट ठेवलं. "मिस्टर कांगास, हा शब्द वाचाल?"

आर्वोनं त्याकडे पाहिलं. बर्फावर पाखराचे पाय उमटलेले दिसावेत, तसं. मग विनयानं म्हणाला, "बरोबर."

"हे त्यांचा हात करतोय, लेम्पी," मार्लिस हलक्या आवाजात म्हणाली. "हाताला सवय आहे. त्यांना ठाऊक नाही."

"हातसुद्धा त्याचाच आहे ना गं?"

"आहे. पण मी गुण कुठे लिहू, सांगा. यासाठी रकानाच नाही."

"मग तो कागद तरी दे मला."

"फाइलला जातो तो. माफ करा."

सोमवारी उत्तरेकडच्या केंद्राचा अर्ज आला. पानभर मजकूर, खाली सहीची जागा. लेम्पीनं दोनदा वाचला, पण दुसऱ्यांदा शब्द नुसते डोळ्यांवरून गेले. तिनं सही केली. पेन खाली ठेवलं, तसं आर्वोनं ते उचललं आणि कागद आपल्याकडे ओढला.

त्याचं बोट ओळीओळीनं चालू लागलं. लेम्पी पुढे वाकली. एखादी चूक निघू दे, तिला वाटलं. एक तरी खाडाखोड कर, आर्वो. चूक निघाली तरी काहीच बदलणार नव्हतं, हे तिला कळत होतं. तरी ती बोटाकडे बघत राहिली.

बोट तळाशी पोचलं. कुणीतरी अर्ज फार नीट लिहिला होता. आर्वोनं मान हलवली, आणि एकतीस वर्षं रोज करायचा तशी तिच्या सहीखाली आपली छोटीशी खूण केली : वाचलं, छापायला हरकत नाही.

"बरोबर," तो म्हणाला, आणि कागद तिच्याकडे सरकवला.

चार वाजले होते. लेम्पीनं पेटी उघडली नाही.