बादलीला कान लावून

फिजोआचं फळ पिकलं तरी हिरवंच राहतं. झाडाकडे बघून काही कळत नाही. ते आपणहून खाली पडलं की पिकलं म्हणायचं. आधीच तोडलंत तर तोंड तुरट होतं, दुसरं काही नाही. म्हणून एप्रिल लागला, इकडे दक्षिण गोलार्धात हवेत गारवा आला, की आमच्याकडे सगळी माणसं खाली मान घालून चालतात. ज्यांच्या परसात झाडं आहेत ती पिशव्या भरभरून शेजाऱ्यांच्या फाटकाला अडकवतात आणि कोणी बघायच्या आत निघून जातात. माझ्या नवऱ्याची, होआनीची आत्या, आंटी टिली, म्हणते की फिजोआ विकत घेणारा माणूस एक तर गावात नवा असतो, नाही तर भांडकुदळ.

आमच्या झाडाने त्या वर्षी पहिल्यांदाच फळ धरलं होतं.

ते झाड कुराचं. आमच्यात बाळाची वार घरच्या मातीत पुरतात आणि वर रोप लावतात. कुरा, माझी मुलगी, वेळेच्या फार आधी आली. दवाखान्यात ती काचेच्या पेटीत होती तेव्हा इकडे होआनीने आणि आंटीने घरामागच्या उतारावर खड्डा खणला. मी तिथे नव्हते. पेटीच्या भोकातून हात घालून मी तिला एका बोटाने धरून बसले होते. तो हात आत घालायच्या आधी कोपरापर्यंत धुवायचा, मग पुन्हा धुवायचा, एवढंच काम त्या दिवसांत माझ्या हातात होतं. कुरा घरी आली तेव्हा ते धुणंही माझ्याबरोबर घरी आलं.

रोपटं पहिले दोन हिवाळे नुसतं उभं होतं. वाढेना आणि मरेना. कोणाला बोलले नाही, पण सकाळी उठून मी आधी खिडकीतून त्याची पानं बघायचे आणि मग कुराची छाती वरखाली होतेय ना ते बघायचे. मला तरी या दोन वेगळ्या गोष्टी वाटत नव्हत्या.

पहिली फळं पडली तेव्हा आंटी टिली काठी टेकत आली, झाडाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, हे घरात खायचं नाही. पहिलं फळ वाटायचं असतं. कुरा पेटीत होती तेव्हा ज्यांनी ज्यांनी प्रार्थना केली त्या सगळ्यांच्या तोंडात ते गेलं पाहिजे. रविवारी कुराचा वाढदिवस होता, सगळं गोत येणारच होतं.

"आंटी, फळं आहेत वाडगाभर," मी म्हणाले. "माणसं चाळीस."

"म्हणून तर फसफसणारं सरबत करायचं. कॉलेजात गेलीस आणि एवढं सुचलं नाही होय गं? गर घाल, साली घाल, साखर, लिंबू, बादलीभर पाणी. वाडगाभर फळात चाळीस तोंडं ओली होतात."

हे सरबत आमच्याकडे सगळेच करतात. दोन-तीन दिवसांत पिऊन संपवतात, त्यामुळे ते चढत नाही. शाळकरी पोरंही ग्लास भरभरून पितात. मी कधी केलं नव्हतं इतकंच. आणि हे काही नुसतं सरबत नव्हतं, हे मला फळं गोळा करतानाच कळलं होतं. कुराच्या झाडाचं पहिलं फळ चाळीस माणसांपुढे जाणार होतं. ते बिघडलं असतं तर कोणी मला काही म्हणालं नसतं, पण मी मात्र त्याचा अर्थ लावत बसले असते, आयुष्यभर.

फळं अर्थातच मातीतली. एकाला कोंबडीने टोचलेलं, एकाला गोगलगाय चिकटलेली. मी ती साबणाच्या पाण्यात घोळवली, विसळली, पुन्हा विसळली. बादली उकळत्या पाण्याने धुतली. फळं सोलून गर काढला आणि सालींवर वरून किटलीभर उकळतं पाणी ओतलं. होआनी दारात उभा राहून बघत होता.

"ऑपरेशन किती वाजता आहे?" त्याने विचारलं.

मी सगळं बादलीत घातलं, वर स्वच्छ फडकं बांधलं आणि गरम पाण्याच्या टाकीचं जे कपाट असतं, जिथे आम्ही थंडीत ओले टॉवेल वाळवतो, तिथे बादली ठेवून दिली.

आंटीने तिच्या जुन्या झाडांच्या फळांची एक बादली त्याच दिवशी लावली होती. तिची दुसऱ्याच दिवशी कुरकुरायला लागली. आंटीने फोनवर मला तो आवाज ऐकवला, फोन चक्क बादलीत धरून. आमची बादली गप्प होती. फडकं काढून पाहिलं तर फिक्या चहासारखं पाणी, तळाशी साली, आणि वर काही नाही. मी कान लावला. मला बघून कुरानेही दुसऱ्या बाजूने कान लावला, डोळे मोठे करून.

"झोपलंय," ती म्हणाली.

दवाखान्यात पेटीशी वाकून मी नर्सला हेच विचारायचे, झोपलीय ना, नक्की झोपलीय ना.

तिसऱ्या दिवशीही तेच. होआनीला माझा चेहरा बघवेना. त्याने सुचवलं, आंटीच्या बादलीतलं डावभर आणून ओतू, लगेच उठेल, कोणाला कळणार आहे.

"झाडाला," मी म्हणाले.

त्याने तो विचार सोडला. तो खड्डा त्यानेच खणला होता.

संध्याकाळी मी मोरीत कुराचे हात धूत होते. दोनदा साबण लावून झाला होता, तिसऱ्यांदा लावत होते, आणि ती हात ओढून घेत होती. हातांवर साबणाचा फेस होता. त्या फेसाकडे बघता बघता मी थांबले. कॉलेजात मी हे सगळं शिकले होते. फळाच्या सालीवर डोळ्यांना न दिसणारे जीव बसलेले असतात, तेच साखर खातात आणि तेच बुडबुडे सोडतात. परीक्षेत मी त्यांचं चित्र काढलं होतं, एकाला एक चिकटलेल्या मण्यांसारखं. आणि तेच जीव मी साबणाने धुऊन, वर किटलीभर उकळतं पाणी ओतून मारून टाकले होते. बादली झोपली नव्हती. तिच्यात उठायला कोणी उरलंच नव्हतं.

मी विजेरी घेऊन झाडाखाली गेले. जमिनीवर एकही फळ नव्हतं. वर, अगदी शेंड्याजवळ, एकच राहिलं होतं.

होआनी म्हणाला, हलवूया का फांदी. त्याचा हात वर गेलाही होता. मी तो धरला. वेळेआधी आलेल्याचं काय होतं ते मला ठाऊक होतं. ते यायचं तेव्हा येऊ दे, मी म्हणाले.

सकाळी मी कुराला स्वेटर घालून झाडापाशी चटईवर बसले. दव पडलं होतं. दरीत खाली धुकं होतं, त्यातून कोणाच्या तरी गाईचा आवाज येत होता. मी त्या फळावरची नजर काढत नव्हते, जणू मी बघितलं नाही तर ते पडायचं विसरेल. मग कुराच्या बुटाची नाडी सुटली म्हणून मी खाली वाकले. एवढ्यात मागे गवतात आवाज झाला. टप्. बस, इतकाच.

मी वळेपर्यंत कुरा तिथे पोचली होती. तिने फळ दोन्ही हातांनी उचललं, त्याला माती लागलेली तशीच, आणि कचकन चावलं. तिच्या हनुवटीवरून रस ओघळला, त्यात मातीची रेघ. मी धावले. हात पुढे झाला होता, तिच्या तोंडातून ते काढायला, तिला नळाखाली न्यायला. तो तसाच हवेत राहिला.

ती चावत होती. झाडाच्या मुळाशी उभी राहून, जिथे तिची वार आहे तिथेच पाय रोवून, ती आपल्या झाडाचं फळ खात होती आणि हसत होती. फांदी अजून हलत होती.

उरलेलं तिने मला दिलं, उदारपणे. मी ते धुतलं नाही. सुरीने साल काढली, मातीच्या ठिपक्यासकट, आणि बादलीत सोडली.

"चावलेलं टाकलंस?" होआनीने विचारलं.

"हो."

"ठीक आहे. तिची लाळ सगळ्यांच्या खांद्यांना लागलेलीच आहे, आता पोटात जाऊ दे."

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कपाट उघडून फडकं बाजूला केलं, आणि मी तशीच उकिडवी बसून राहिले. त्या एका सालीच्या कडेला एक बुडबुडा चिकटला होता, मोहरीएवढा. तो थरथरला, सुटला, वर आला आणि फुटला. त्याच्या जागी दुसरा आला. मग शेजारच्या सालीवर एक. पेटीशी बसून मी श्वास मोजायचे तसे मी ते मोजायला लागले, आणि थोड्या वेळाने मोजता येईनात, कारण ते सगळीकडून येत होते, तळातून, कडेने, आणि वर बारीक पांढरा फेस जमत होता. मी कान लावला. खूप लांबून खूप माणसं हळू आवाजात बोलत असावीत तसं ऐकू आलं. एवढं सगळं एका सालीवर बसून आलं होतं. ते झाडावर होतं, कुराच्या बोटांवर होतं, इतकी वर्षं मी ज्याच्यामागे साबण घेऊन धावत होते त्यातच होतं.

मी कुराला उठवून आणलं. ती पेंगत होती. तिने कान लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"उठलं," ती म्हणाली.

गाळून मी ते प्लास्टिकच्या बाटल्यांत भरलं, आणि रविवारी सकाळपर्यंत बाटल्या दाबून बघितल्या तर बोट आत जाईना. अंगणात माणसं जमली. आंटी टिलीने पहिली बाटली उघडली. फुस्स झालं आणि पोरांचा गलका एकदम थांबला. आधी तिने थोडं झाडाच्या बुंध्याशी ओतलं, प्रार्थना म्हटली, मग एकेकाच्या पेल्यात घोट घोट. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. कोणी डोळे मिटले, कोणाला ठसका लागला, होआनीचा काका नाक चोळत म्हणाला की ही पोरगी चावते की काय. कुराने आपला घोट घेतला, नाकातून बुडबुडे आले तसं दचकून तिने पेल्यात डोकावून बघितलं, आणि पुन्हा पेला पुढे केला.

सगळ्यांचं झाल्यावर आंटी माझ्यापाशी आली. तिने बाटलीच्या तळाशी बोटभर ठेवलं होतं.

"तू प्यायलीच नाहीस. नुसती पहारा देत उभी."

मी प्यायले. आधी गोड लागलं, मग आंबट, आणि मग जिभेवर, टाळ्यावर, नाकात हजार ठिकाणी काहीतरी जिवंत टोचत गेलं. डोळ्यांत पाणी आलं.

आंटीने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"आज सुटलीस बघ, पोरी," ती म्हणाली.

झाडाखाली कुरा गुडघ्यांवर बसून पानांत हात घालून फळं शोधत होती. एकही नव्हतं. ती शोधतच राहिली, आणि मी बाटली कानाशी धरून उभी राहिले. तळाच्या थेंबांत अजून बोलणं चालू होतं.