तंबाखू : सल्ला दिला

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. परळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, तोंडाच्या विकारांच्या ओपीडीत माझी नेमणूक आहे.

जन्म गिरगावातला. ऑर्डर होती, 'तंबाखू सोडण्याचा सल्ला दिला'. पण लाकूड निघालं आखूड. कारागीर राजेशभाऊ म्हणाले, "साहेब, 'सोडण्याचा' बसत नाय. काढू?"

रुग्णालयाचे साहेब म्हणाले, "काढा. समजतं सगळ्यांना."

अशा रीतीने माझ्यातला एकमेव कामाचा शब्द माझ्या जन्माआधीच गेला.

सुरुवातीची वर्षं सुखाची होती. लीला सिस्टर पेशंटला स्टुलावर बसवायच्या, तोंडात बॅटरी मारून बघायच्या, पंधरा मिनिटं समजवायच्या आणि मग मला केसपेपरवर हलकेच टेकवायच्या.

पुढे रुग्णालयांना गुण देणारी आरोग्य संवर्धनाची मानकं आली. प्रत्येक केसपेपरवर सल्ल्याची नोंद हवी, असं त्यात होतं. सल्लाही हवा, असं असणारच. पण ते पान कोणी उलटलं नाही. रांग जिन्यापर्यंत. शेवटी इंटर्न वरदने सोय काढली. सकाळीच कोऱ्या केसपेपरांच्या गठ्ठ्यावर मला धाडधाड चालवायचं. पेशंट घरून निघण्याआधीच त्याला सल्ला दिलेला असे. विभागाला शंभरपैकी शंभर मिळाले, मला नवं पॅड मिळालं. मी फुगलो, हे कबूल करतो.

गेल्या आठवड्यात मानकांच्या तपासणीला डॉ. मृणालिनी आल्या. त्यांनी गठ्ठा बाजूला सारला आणि बाकावरच्या गुरुदत्तकाकांना विचारलं. काका शिवडीच्या गोदामात कामाला.

"काका, तंबाखूबद्दल इथे काय सांगितलं तुम्हाला?"

काकांनी केसपेपर पुढे केला. "हे काय, लिहूनच दिलंय. तंबाखू, सल्ला दिला. पयलं चोरून खायचो. आता मंडळी काय बोलली की हा कागद दाखवतो."

डॉ. मृणालिनींनी काकांच्या तोंडात बॅटरी मारून बघितलं. काकांच्या गालात आतून पांढरा चट्टा होता. पहिल्या भेटीत तांदळाएवढा, अशी नोंद होती. आता चिंचोक्याएवढा झाला होता.

लीला सिस्टरांनी स्टूल ओढलं. "गुरुदत्त, हा कागद विसरा. माझ्याकडे बघा." बाहेर रांग कुरकुरत राहिली, त्या बोलत राहिल्या. चट्ट्याचा तुकडा तपासणीला गेला. शेवटी सवयीने त्यांचा हात माझ्याकडे वळला.

"तो नको, सिस्टर," काका म्हणाले. "त्याच्यावर माझा लय विश्वास होता."

तेव्हापासून मी खणात आहे. शेजारी काकांची चुन्याची डबी आहे; त्याच दिवशी त्यांनी काढून ठेवली. सिस्टर आता पूर्ण वाक्य हाताने लिहितात, 'सोडण्याचा'सकट.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. मी वाळलो तरी चालेल. फक्त घरच्या कोणाच्या केसपेपरवर माझे भाऊबंद दिसले, तर त्या माणसाला विचारा, तुमच्याशी कोण बोललं?

काकांचा रिपोर्ट सोमवारी येणार आहे. डबी आणि मी वाट बघतो आहोत.