ओंजळभर पीठ

सोलापुरात अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडं ईरप्पाचं हॉटेल आहे. तिथली एक भाकरी मागं एकदा वाऱ्यानं उडाली. कारखान्यांच्या पत्र्यांवरून तरंगत गेली आणि टॉवेल विणणाऱ्या एका मागाच्या दारात पडली. तिथल्या कामगारानं ती उचलून झटकली, तोंड पुसलं, खांद्यावर टाकली. संध्याकाळी बायको म्हणाली, अहो, टॉवेलाला शेंगाचटणीचा वास कसा काय येतोय. ही हकिकत ईरप्पा गल्ल्यावर बसून दिवसातून चारदा सांगायचा. ऐकणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी तो कामगार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असायचा.

ही भाकरी थापायची वच्छला. माळशिरसकडची बाई, अठ्ठावन्न वर्षांची, बावीस वर्षं त्याच चुलीपुढं बसलेली. ईरप्पा तिला वच्छलाक्का म्हणायचा, म्हणून सगळा रस्ताच तिला वच्छलाक्का म्हणायचा. तिच्या भाकरीतून पेपर वाचता येतो, असं ईरप्पा छातीवर हात ठेवून सांगे. वच्छला अर्ध्या भिंतीआड बसून हे ऐकायची आणि तव्याकडं बघून हसायची. खोटं कसं म्हणावं? पेपर नाही, पण पेपरातलं मोठ्या अक्षरातलं नाव दिसलं असतं कदाचित. तिच्या कडक भाकरीच्या चळती लोक लातूरला, पुण्याला घेऊन जायचे. महिना महिना टिकायच्या.

आता एक गोष्ट ईरप्पालाही ठाऊक नव्हती. चार वर्षांपूर्वी वच्छलाच्या अंगठ्यांच्या सांध्यात वात शिरला. त्यात पावसाळा लागला की ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते ती नवी ज्वारी येईपर्यंत, भाकरी थापायला घेतली की कड फुटते. तिनं आधणाचं पाणी घालून बघितलं, पीठ दुपटीनं मळून बघितलं. भाकरी फुटायची ती फुटायचीच. एका सकाळी तिनं घरून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून गव्हाचं पीठ आणलं आणि लाकडी काटवटीत ओंजळभर मिसळलं. भाकरी अशी सरसर फिरली की जणू बावीस वर्षांपूर्वीचे हात परत आले. तेव्हापासून तो डबा चुलीमागं, सरपणाच्या आडोशाला असायचा.

यात पाप वाटावं असं काही नव्हतं. दुधात पाणी घालणाऱ्याला लोक चोर म्हणतात. पण ज्वारीत गहू घालणाऱ्याला काय म्हणायचं? गहू तर सणासुदीचा. फक्त ते कुणाला सांगायचं नव्हतं. कारण नाव ज्वारीचं नव्हतं, हाताचं होतं.

मागच्या दिवाळीनंतर एका दुपारी नातेपुत्याचा सयाजी बायको आणि पोरीला घेऊन हॉटेलात शिरला. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देण्याचं दुकान असलेला सरळ माणूस. पोरगी नऊ वर्षांची, अपेक्षा नावाची, पण सहा वर्षांची वाटायची. सोलापुरातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, हिला गहू चालत नाही. कणभरसुद्धा नाही. पोटात गेला की आतडं आतून सोलवटतं, मग काहीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही.

सकाळपासून ते तीन हॉटेलं फिरून आले होते. डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, ग्लुटन-फ्री, म्हणजे बिनगव्हाचं, मागा. पहिल्या हॉटेलात वेटर म्हणाला, ग्लुटन सकाळीच संपलं, उद्या या. दुसऱ्यानं छाती पुढं काढून सांगितलं, आमच्याकडं मैदा अजिबात नाही, सगळं प्युअर गव्हाचं. तिसऱ्यानं उपमा आणून ठेवला आणि म्हणाला, घ्या की बिनधास्त, हा रव्याचा हाय, गव्हाचा कुठाय यात. पोरगी खायला बसली होती. रुपालीनं, म्हणजे तिच्या आईनं, तोंडातला घास बोट घालून काढला होता.

हे ऐकल्यावर ईरप्पा गल्ल्यावरून उठलाच. "गहू? अहो, या दारासमोरनं गव्हाचा ट्रक जाताना ड्रायव्हर खाली उतरतो, चप्पल काढतो आणि ट्रक ढकलत नेतो. का, तर आवाज होऊ नये. इथं ज्वारीचं राज्य आहे. वच्छलाक्का, सांग की गं यांना, गहू हाय का तुझ्या भाकरीत?"

सगळं हॉटेल हसत होतं. वच्छलाचा हात तव्यावर होता. पाठीमागं सरपणाआड तो डबा होता.

"न्हाय," ती म्हणाली.

एवढंच. पुढं कितीदा तरी तिनं त्या घटकेकडं वळून पाहिलं. बोलायला वेळ नव्हता असं नाही. पण इतक्या माणसांत, इतक्या हसण्यात, ओंजळभर पिठाचं काय सांगायचं? काटवटभर ज्वारीत ओंजळ. समुद्रात गूळ टाकला म्हणून समुद्र गोड होतो का.

त्या दिवशी अपेक्षा दीड भाकरी जेवली. रुपाली चुलीपाशी आली आणि वच्छलाच्या पाया पडली. "मावशी, माझी पोरगी वर्षात पहिल्यांदा हॉटेलात पोटभर जेवली. घरात चपातीचं पीठ उडतं ओ, माझीच मला भीती वाटती. तुमची कडक भाकरी नेऊ का महिन्याची?"

तेव्हापासून दर महिन्याला डॉक्टरकडं आले की ते हॉटेलात यायचे आणि जाताना साठ कडक भाकरी धडप्यात बांधून न्यायचे. घरातलं दुसरं काही नको, पोरीनं वच्छलामावशीचीच भाकरी खायची. अपेक्षा येऊन चुलीजवळ उभी राहायची, एक अख्खी भाकरी छातीला लावायची. "बघ आज्जी, माझ्यापेक्षा मोठी."

"मग खा की, मोठी हो तिच्याएवढी."

माघ सरला आणि नवी मालदांडी आली. नव्या ज्वारीला चिकट जिगी असते, भाकरी आपसूक वळते. वच्छलानं डबा उघडलाच नाही. चैत्रात अपेक्षाच्या गालावर मांस दिसलं. वैशाखात तिनं भाकरी छातीला लावली तर दोन्ही बाजूंनी फ्रॉक बाहेर उरला. डॉक्टर म्हणाला, पथ्य लागू पडलं. सयाजीनं सगळ्या हॉटेलाला पेढे वाटले. ईरप्पानं लगेच नवी गोष्ट रचली की ही भाकरी खाऊन एक मुडदा उठून बसला होता आणि त्यानं चटणी मागितली होती.

मग पाऊस आला. पिठाची विरी गेली. वच्छलाचे अंगठे सुजले, डबा उघडला.

आषाढात पोरीचे गाल बसले. श्रावणात तिला उलट्या होऊ लागल्या. हे वच्छलाला दिसत होतं. दिसत होतं आणि तरी दिसत नव्हतं. तव्यावरचा धूर डोळ्यांत गेला की माणूस जसा बघतो, तशी ती बघायची. एकदा तिनं हिय्या करून त्या साठ भाकरी बिनगव्हाच्या थापायला घेतल्या. वीस फुटल्या. ईरप्पा आत डोकावून म्हणाला, "काय अक्का, आज भाकरीचा नकाशा करतीस व्हय?" तिनं फुटलेल्या भाकरी पाण्यात टाकल्या, म्हशीला ठेवल्या. आणि डबा उघडला.

भादव्यातल्या त्या दुपारी सयाजी आला तो पोरीला कडेवर घेऊनच. नऊ वर्षांची पोरगी कडेवर. बरोबर रुपाली नव्हती. हॉटेल भरलेलं होतं. ईरप्पानं जागा करून दिली.

अपेक्षा चुलीजवळ आली, सवयीनं भाकरी छातीला लावली. भाकरी तेवढीच होती. पोरगीच कमी झाली होती.

"आई कुटं हाय गं तुजी?"

"मामाकडं. पप्पांनी लावून दिली." पोरगी भाकरीकडं बघत म्हणाली, "आज्जी, आईनं मला चपाती न्हाय दिली. मी सांगितलं पप्पांना. देवाची शप्पथ पण घेतली. मग पप्पांनी तिला मारलं."

वच्छलानं पुढची भाकरी तव्यात टाकली. ती जळाली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

पलीकडं सयाजी ईरप्पाला सांगत होता. आवाज खाली होता, पण अर्धी भिंत ती केवढी. "डॉक्टर म्हनले, रक्तातला आकडा वर गेलाय. म्हनले, घरात कुनीतरी गहू चारतंय हिला, त्याशिवाय असं व्हतच न्हाय. आता घरात मी आनि ती, दोघंच. मी तर चारत न्हाय. तिला पोरीची कीव यायची ओ, सारखी म्हनायची, सणाला तरी एक पुरनपोळी. पंधरा दिवस झालं तिला धाडून. सोडचिठ्ठीचं बगतोय. माज्या लेकराला मारायला निघाली व्हती." तो थांबला. "या टायमाला शंभर भाकरी द्या अण्णा. आता तिन्ही टाइम हीच घालतो. दुसऱ्या कशावर इस्वास न्हाय राहिला."

"घेऊन जा की," ईरप्पा म्हणाला. "वच्छलाक्काच्या भाकरीत गव्हाचा दाणा सापडला तर मी हे हॉटेल जाळीन आणि राखेचं दंतमंजन विकीन."

दोन-तीन गिऱ्हाइकं हसली. अपेक्षा बापाशेजारी जाऊन बसली होती. पुढ्यातल्या ताटात भाकरी होती, एक घास तिनं मोडला होता.

वच्छला उठली. गुडघ्यांचा आवाज झाला. सरपण बाजूला केलं, डबा काढला, अर्ध्या भिंतीला वळसा घालून बाहेर आली. बावीस वर्षांत ती जेवणाच्या वेळी बाहेर आली नव्हती. तिनं पोरीच्या पुढ्यातलं ताट उचलून बाजूला ठेवलं आणि त्या जागी डबा ठेवला.

"रुपालीनं न्हाय चारलं," ती म्हणाली. "मी चारलं. ह्यो गहू हाय. भाकरीत घालती मी, ओंजळभर. चार वर्सं झाली."

 मग ईरप्पाच हसला. "बघा, इतकी वर्षं माझ्याजवळ राहून अक्का गोष्टी रचायला शिकली."

हॉटेल हसलं. सयाजी हसला नाही, पण त्यानं डबा हलकेच बाजूला सारला. पोरीचं ताट परत ओढलं. "मावशी, मला कळतंय. ती तुमच्या पाया पडली व्हती, तुमाला तिची माया हाय. तिचा संसार वाचवायला बगताय. पन असं खोटं नका बोलू. तुमच्यावर माजा लई इस्वास हाय."

"खोटं न्हाय रे बाबा."

"बाई बाईची बाजू घेनारच," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

वच्छलाला तेव्हा कळलं की आपलं 'न्हाय' किती घट्ट बसलंय. एका शब्दाचं खोटं त्या माणसानं वर्षभर साठ-साठच्या चळतीनं बांधून नेलं होतं. आता खरं बोलून ते निघत नव्हतं.

ती आत गेली. काटवट उचलून बाहेर आणली, बाकावर सगळ्यांसमोर ठेवली. पोत्यातलं नुसतं ज्वारीचं पीठ घेतलं. मुठीनं पाणी शिंपडलं, मळलं. गोळा केला. थापायला लागली. तिचे अंगठे गाजराएवढे सुजलेले आहेत, हे त्या लोकांनी आज पाहिलं. भाकरी दोन बोटं वाढली आणि कड फुटली. तिनं पाण्याचा हात लावला. आणखी एक भेग गेली, मधोमध. तिनं उचलायला हात घातला आणि भाकरीचे तीन तुकडे झाले.

दुसरा गोळा. तोही फुटला.

तिसरा गोळा तिनं डब्यातल्या पिठात बुडवून मळला. सरसर फिरला. ताटाएवढी भाकरी झाली, पातळ, गोल, उजेडात धरली तर पलीकडची बल्बाची तार दिसावी अशी. तिनं ती सयाजीपुढं धरली.

"ही वळीखतोस का?"

सयाजीनं ओळखली. वर्षभर रोज दुपार-संध्याकाळ त्यानंच ती मोडून पोरीच्या हातात दिली होती. त्यानं ताटाकडं पाहिलं. पोरीनं आणखी दोन घास खाल्ले होते. तो झटकन पुढं झाला, तिच्या तोंडात बोट घातलं. रुपालीनं घातलं होतं, तसंच. घास बाहेर आला. पोरगी रडली नाही. तिला सवय होती.

कुणी वच्छलाला शिवी दिली नाही. तिला वाटलं होतं, देतील. निदान सयाजी तरी हात उचलेल. तो फक्त उठला, दारात गेला आणि फोन लावला. इथपर्यंत ऐकू येत होतं, रिंग वाजत होती. संपली. त्यानं परत लावला. परत वाजत राहिली. पाठमोरा तो फोन कानाला धरून उभा होता आणि तिकडून कोणी उचलत नव्हतं.

ईरप्पानं तोंड उघडलं. त्या माणसाकडं प्रत्येक गोष्टीवर गोष्ट असायची. पूर आला तर पुरावर, मयत झाली तर मयतावर. तो नुसता "अक्का..." म्हणाला आणि गल्ल्याच्या लाकडावरून बोट फिरवत बसला. गिऱ्हाइकं एकेक करून उठली. काहींनी ताटातली भाकरी तशीच ठेवली, वाळीत टाकल्यासारखी.

अपेक्षा बाकावर सरकत काटवटीजवळ आली. फुटलेल्या भाकरीचा कच्चा तुकडा तिनं उचलला. "आज्जी, ही भाजून दे की. हिच्यात न्हाय न्हवं गहू?"

वच्छलानं काटवटीकडं बघितलं. बावीस वर्षांचं लाकूड. तळाला केसाएवढ्या बारीक चिरा होत्या आणि प्रत्येक चिरेत चार वर्षांचं पीठ बसलेलं होतं, पांढरं, दगडासारखं. तवाही तोच. कणभरसुद्धा नाही, डॉक्टर म्हणाला होता.

"नको बाई."

"थोडीशी?"

"नको. हितलं कायबी खाऊ नको."

पोरीनं बापाकडं पाहिलं. तो अजून फोन कानाला लावून उभा होता. तिनं तो तुकडा सवयीनं छातीला लावून बघितला. मग तो कुठं ठेवायचा ते तिला कुणी सांगितलं नाही, म्हणून हातात धरून बसून राहिली.