डाळिंबी ठिपका

मिस्त्री हात धुवायला नळावर गेला, तशी तपासनिसांनी खिशातून बायकोची नेलपॉलिशची बाटली काढली आणि ते होडीच्या नव्याकोऱ्या मोटरीखाली आडवे झाले.

जागा त्यांनी आधीच हेरून ठेवली होती. पंख्याच्या वरची आतली कड, जिथे आपणहून कुणी डोकावणार नाही. जीभ दातात धरून त्यांनी तिथे मुगाच्या दाण्याएवढा डाळिंबी ठिपका दिला, दोन फुंकरा मारल्या आणि उठून, काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने शीळ घालायला लागले. शीळ त्यांना येत नव्हती. नुसती हवा जात राहिली.

"दात दुखतोय का, साहेब?" मिस्त्रीने हात पुसत विचारलं.

"नाही. मोटर कधी बसेल?"

"गुरुवारी या. आधी उघडून बघतो, मग बसवतो."

उघडून बघतो! तपासनिसांनी मनातल्या मनात मान डोलावली. उघडायची, आतला नवा माल काढायचा, जुना भरायचा. किंवा त्याहून सोपं, अख्खी मोटरच बदलायची. बत्तीस वर्षं त्यांनी सरकारी गोदामं तपासली होती. त्या काळात त्यांना कुणी टाचणीएवढंही फसवलं नव्हतं.

फसवलं ते निवृत्तीनंतर. ही होडी त्यांनी कुणाचंही न ऐकता, स्वतः पारखून, दुसऱ्या हाताची घेतली. होडीबरोबर आलेली मोटर तिसऱ्या दिवशी भर पाण्यात मेली. वल्ही मारत ते काठाला लागले तेव्हा काठावर अख्खं सासर उभं होतं, आणि मेहुणा सगळ्यात पुढे. तेव्हापासून घरात चार माणसं जमली की मेहुणा वल्ही मारून दाखवायचा. लहान मुलंसुद्धा हसायची. या खेपेला फसायचं नाही, एवढं एकच तपासनिसांनी ठरवलं होतं. पुन्हा फसलो तर जन्मभर वल्ही.

मोटर घ्यायला ते पलीकडच्या काठावरच्या दुकानात गेले, तेही ताक फुंकून प्यायच्या तयारीने. तिथे माल विकायला एक चष्मेवाले नोकरीला होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, बोलणं हळू. तपासनिसांनी पंधरा घोड्यांच्या ताकदीची मोटर मागितली. चष्मेवाल्यांनी होडीची लांबी विचारली, मागच्या फळीची जाडी विचारली आणि म्हणाले, "आठ घोड्यांची घ्या. पंधराचं वजन तुमच्या फळीला झेपणार नाही. होडी बसेल कुत्र्यासारखी, मागचे पाय दुमडून."

दुकानदार महाग वस्तू गळ्यात मारतो, हे तपासनीस समजू शकत होते. स्वस्त वस्तू गळ्यात मारतो म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय. तीन दिवस त्यांनी फळी मोजली, चार जणांना विचारलं. सगळ्यांनी आठच सांगितली. त्यावरून सगळे मिळालेले आहेत हे सिद्ध झालं आणि त्यांनी नाइलाजाने आठ घोड्यांची घेतली.

गुरुवारी ते मुद्दाम मेहुण्याला घेऊन मिस्त्रीच्या शेडमध्ये आले. साक्षीदार हवा होता, आणि त्यातही हाच हवा होता.

"किल्ली पडली वाटतं," असं म्हणत तपासनीस मोटरीखाली वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग सावकाश उठले. गुडघे झटकले. इतक्या वर्षांत असा आनंद त्यांना झाला नव्हता.

"मिस्त्री, ही मोटर माझी नाही."

मेहुण्याने कान टवकारले. मिस्त्री पाना हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"नाहीच," तो म्हणाला. "तुमची मी काल परत केली."

"काय केली?"

"परत. आत लाल ठिपका होता तिच्या. माल वापरलेला असला की ओळखायला अशी खूण करून ठेवतात आणि पुन्हा खोक्यात घालतात. असले धंदे मी लई बघितलेत. म्हटलं, आपले साहेब साधे आहेत, त्यांच्या काय लक्षात येणार. स्वतः होडीत घालून नेली, मालकाशी भांडलो आणि ही दुसरी आणली. पेटी माझ्यासमोर फोडायला लावली."

खिशातल्या बाटलीवर तपासनिसांचा हात आपोआप गेला.

"भाऊजी, मिस्त्रीच्या पाया पडा," मेहुणा म्हणाला. "नाहीतर पुन्हा वल्हीच होती तुमच्या कपाळी."

"आणि दुकानात?" तपासनिसांनी विचारलं. "पुढे काय झालं?"

"चष्मेवाला अडकला. माल त्याच्या ताब्यात असतो ना. आज दुपारी चौकशी आहे, जाणार बहुतेक घरी." मिस्त्रीने बोल्ट आवळायला घेतला. "एवढा सभ्य वाटायचा. पण साहेब, सभ्य दिसतो त्याच्यावरच डोळा ठेवावा, काय?"

हे वाक्य तपासनिसांचं होतं. त्यांनीच सोमवारी मिस्त्रीला ऐकवलं होतं.

एरवी त्यांनी एकेक बोल्ट हलवून बघितला असता. आज मिस्त्रीने आवळपट्ट्या घट्ट केल्या, मोटर सुटून पडू नये म्हणून साखळी घातली, होडी पाण्यात ढकलली, तरी त्यांनी कशालाही हात लावला नाही. दोघे होडीत चढले आणि मेहुण्याने मोटरीची दोरी ओढली. मोटर पहिल्या ओढीला गुरगुरली. पाणी उसळलं, फेस आला, होडी थरथरली, आणि होती तिथेच राहिली. मेहुण्याने वेग वाढवला. काठावरची बदकं पळाली. होडी जागची हलेना.

"बघा," तपासनिसांच्या जिवात जीव आला. "हीसुद्धा तसलीच. त्या दुकानातच खोट आहे."

मिस्त्रीने काठावरून होडीची दोरी उचलून दाखवली. एक टोक त्याच्या हातात होतं, मध्यभाग खुंट्याला बांधलेला होता आणि दुसरं टोक होडीच्या नाकात.

"सोडायची असते, साहेब," तो म्हणाला.

दोरी सोडल्यावर होडी अशी सरळ निघाली की तक्रारीला जागाच उरली नाही. नाक वर नाही, पाठ खाली नाही. तपासनिसांनी मेहुण्याच्या हातातून मोटरीचा दांडा घेतला आणि होडी पलीकडच्या काठाकडे वळवली.

"इकडे कुठे?"

"काम आहे एक. तू होडीतच थांब."

"पाच मिनिटांचं की तपासणीचं?"

तपासनिसांनी होडी धक्क्याला लावली आणि ते एकटेच उतरले.

दुकानाबाहेरच्या बाकावर चष्मेवाले बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत कपाटातल्या खासगी वस्तू असाव्यात, एक पेला वर डोकावत होता. तपासनिसांना बघून ते उठले.

"कशी चालली मोटर? फळी दबली नाही ना?"

"नाही," तपासनीस म्हणाले आणि पटकन आत शिरले.

मालकाच्या टेबलावर पहिली मोटर आडवी ठेवलेली होती, मुद्देमालासारखी. ठिपका वर करून. तपासनिसांनी खुर्ची न घेता सगळं सांगितलं. ठिपका मीच दिला. मोटर बदलली जाईल असं वाटलं म्हणून दिला. चष्मेवाल्यांचा काही संबंध नाही.

मालकाने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे नव्या मोटरीला तुम्ही स्वतः नेलपॉलिश लावलं."

"हो."

"मोटरीखाली झोपून."

"हो."

"चष्मेवाले तुम्हाला कुठे भेटले? बाहेर, की आधीच घरी येऊन गेले?"

तपासनिसांनी बाटली काढून टेबलावर ठेवली. ठिपक्याशेजारी दुसरा ठिपका दिला. घाईत तो पसरट झाला, पण रंग तोच.

"ही बाटली कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते," मालक म्हणाला. "राग मानू नका. पण दुसऱ्यासाठी एवढ्या लांब येऊन अशी गोष्ट रचणारा माणूस मला स्वतःच्याच मोटरीला रंग लावणाऱ्या माणसापेक्षा जास्त खरा वाटतो."

राग मानायचा प्रश्नच नव्हता. या खुर्चीत तपासनीस असते तर त्यांनी हेच, शब्द न शब्द हेच म्हटलं असतं.

"मी त्यांना विचारू?" मालक म्हणाला.

तो तपासनिसांच्या खांद्यावरून दाराकडे बघत होता. तिथे मेहुणा उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"तुम्ही यांचे कोण?"

"मेहुणा. यांची बायको माझी बहीण."

"हे गृहस्थ असं करतील असं वाटतं तुम्हाला?"

तपासनीस टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. आता वल्ही येणार. नुसती वल्ही नव्हे, नेलपॉलिशसकट वल्ही, नातवंडांच्या नातवंडांपर्यंत.

मेहुणा आत आला. आज त्याच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू नव्हतं.

"साहेब, हे आमच्याकडे चार दिवस राहायला येतात ना," तो म्हणाला, "तेव्हा स्वतःच्या साबणाला टाचणीने खूण करतात. कुणी वापरला तर कळावं म्हणून. दुसरे पाहुणे आले की आम्ही त्यांना आधीच सांगून ठेवतो, मोरीतला तो साबण घेऊ नका. म्हणाल तर यांच्या बायकोला फोन लावून देतो."

मालकाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग ठिपक्यांकडे. त्याच्या तोंडाची एक बाजू हलली. तो उठला आणि चष्मेवाल्यांना आत बोलवायला स्वतः दारापर्यंत गेला.

दोघे धक्क्यावरून होडीत उतरले.

"कधीपासून माहीत आहे?" तपासनिसांनी शेवटी विचारलं.

"काय?"

"साबणाचं."

"पहिल्या साबणापासून," मेहुणा म्हणाला आणि त्याने मोटरीची दोरी ओढली.

या वेळी दांडा तपासनिसांनी मागितला नाही. ते पुढच्या फळीवर मोटरीकडे पाठ करून बसले. अर्ध्या वाटेत मागून काहीतरी खडखडलं. मग पुन्हा खडखडलं. त्यांची मान ताठ झाली, पण त्यांनी वळून बघितलं नाही.