चाळीस हजारांचा ड्रॅगन

कपाटाचा वरचा कप्पा मी तिसऱ्यांदा उपसला. कार्ड जागेवर नव्हतं. चार वाजता मुलुंडहून गिऱ्हाईक येणार होतं आणि तीन कधीच वाजून गेले होते.

कार्ड म्हणजे खेळायच्या पत्त्याएवढा जाडसर कागद, त्यावर आग ओकणारा चकचकीत ड्रॅगन. माझा धाकटा दीर भाविक काल्हेरच्या एका गोदामात कामाला होता. तिथे परदेशी खेळण्यांचा कंटेनर आला होता, म्हणून शेठने दिवाळीला मिठाईऐवजी असल्या कार्डांची पाकिटं वाटली. बाकीच्यांनी ती पोरांना खेळायला दिली. भाविकने मात्र हा ड्रॅगन प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घातला आणि घरात कोणाला बोट लावू दिलं नाही. दोन हजार सहामध्ये तो एक दिवस कोणाला काही न सांगता घर सोडून गेला. कपडे नेले, मोबाइल नेला, कार्ड राहिलं. दोन वर्षं झाली, एक फोन नाही.

परवा टेमघरच्या सायबर कॅफेत बसून मी त्या ड्रॅगनचा भाव शोधला आणि मला घामच फुटला. असले कागद जमवायला जगभरचे शहाणे लोक हजारो रुपये मोजत होते! मुलुंडचा एक व्यापारी फोटो बघून चाळीस हजार द्यायला तयार झाला. अट एकच, कार्ड कोरं करकरीत हवं. कोपरा दुमडला, चरा उठला, काही चिकटलं, की सौदा रद्द.

चाळीस हजारांत धनेशच्या स्वतःच्या टेम्पोचं डाउन पेमेंट होणार होतं. माझा नवरा लग्नाआधीपासून दुसऱ्याचा टेम्पो चालवतोय आणि मालकाच्या शिव्या खातोय. मला ते बघवत नव्हतं. भाविकला काय वाटेल, याचा मी विचारही केला नव्हता. जो दोन वर्षांत आईला एक फोन करत नाही, त्याचं कसलं वाटणं?

माझे सासरे, बाळारामबाबा, यांनी विक्रीचं ऐकलं तेव्हा हूं की चूं केलं नव्हतं. घर धनेशच्या पगारावर चालतं. ते काय बोलणार?

"आई, कपाट कोणी उघडलं?" मी जवळजवळ ओरडलेच.

सासूबाई मागच्या दारी सुकट निवडत बसल्या होत्या. "तो ड्रॅगनचा फोटो ना? यांनी नेला. कोर्टाजवलच्या झेरॉक्सवाल्याकडं. लॅमिनेशन करून आनतो बोलले. गिऱ्हाईकाला चांगला दिसंल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या घरात कागद मोलाचा ठरला की त्याचं लॅमिनेशन झालंच म्हणून समजा. रेशन कार्ड, सातबारा, भाविकची दहावीची मार्कशीट. आमच्या लग्नाची पत्रिकासुद्धा बाबांनी सोडली नव्हती.

"कधी गेले?"

"आताच की. तू कपडे वाळत घालत व्हतीस तवा."

चपला पायात अडकवून मी धावत सुटले. बाबांकडे मोबाइल नव्हता, दुकानाचा नंबर मला ठाऊक नव्हता. रिक्षा मिळाली खरी, पण पुढे कापडाच्या गाठींनी भरलेला ट्रक वळताना रस्त्यात आडवा अडकला होता. हॉर्नवर हॉर्न, आणि कोणी हलेना.

"भैया, दुसरा रस्ता नहीं है क्या?"

"मॅडम, उडके जाऊँ क्या?"

तेवढ्यात धनेशचा फोन. "गिऱ्हाईकाला घेतलंय टेम्पोत. पंधरा मिनिटांत पोचतो. चहा टाकून ठेव."

"हो," एवढंच मी म्हणाले. रिक्षा तिथेच सोडली आणि ट्रकच्या कडेने वाट काढत पळाले. लोक बघत होते. बघू देत.

दुकानासमोर पोचले तेव्हा बाबा काउंटरला टेकून उभे होते. मशीनचा दिवा लागला होता. दुकानदाराने ड्रॅगन पिशवीतून काढून दोन प्लास्टिकच्या मध्ये ठेवला होता आणि कडा जुळवत होता.

"नको! थांबा! मत डालो!"

तो दचकून थांबला. मला दम लागला होता. "बाबा, हे करू नका. प्लास्टिक एकदा चिकटलं की कार्ड गेलं. मग कोणी फुटकी कवडी देणार नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "कोनीच घेनार न्हाय?"

"कोणीच नाही."

"मुलुंडवाला पन?"

"तो तर हातसुद्धा लावणार नाही. द्या इकडे."

मी हात पुढे केला. वेळेवर पोचले होते, म्हणून मला हसूच यायला लागलं होतं. बाबांनी ते प्लास्टिक दुकानदाराच्या हातातून अलगद घेतलं. मला वाटलं, मलाच देतायत.

"पोरी, त्याचा हाय तो," ते म्हणाले. "घरी आला की पयला ह्योच मागंल."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ते मशीनच्या फटीत सरकवलं.

मी झडप घातली, पण रोलरने टोक धरलं होतं. ड्रॅगन हळूहळू आत गेला. दुकानदार हात झटकत म्हणाला, "अब नहीं निकलेगा, भाभी."

त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्याचा इतका संताप आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. धनेशचा टेम्पो माझ्या डोळ्यांदेखत गेला होता. भाविक परत येणार नाहीये, बाबा, हे अगदी ओठांवर आलं होतं. बाबांनी गरम कार्ड सदऱ्याला पुसलं, वरच्या खिशात ठेवलं आणि खिशावर तळहात दाबून उभे राहिले. माझ्याने ते बोलवलं नाही.

फोन पुन्हा वाजला. "अगं, घरी आलोय आम्ही. तू कुठेयस? कार्ड कुठंय?"

बाबा माझ्याकडेच बघत होते. तळहात अजून खिशावरच होता.

"मला पोचायला उशीर झाला," मी म्हणाले. "बाबांनी त्याचं लॅमिनेशन करून टाकलं. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत?"