डोहावरचा ढोल मुका राहिला तेव्हा

मी ढोल आहे. वैनगंगेच्या काठी सावरटोल्याच्या डोहावर, काळ्या खडकावरच्या मांडवात टांगलेला. मार खाल्ल्याशिवाय मी बोलत नाही आणि बोललो की कोसभरावरची माणसं थबकतात. गोड ऐकायची हौस असेल त्यांनी बासरीकडे जावं.

माझा जन्मच हाणामारीतला. शिवणीचं झाड कुऱ्हाडीनं आडवं पाडलं, झिंगू नावाच्या म्हाताऱ्या गोंडानं त्याच्या पोटात निखारे भरले आणि जळालेलं लाकूड खरवडून मला पोकळ केलं. वर ताणलेलं कातडं एका हेल्याचं, म्हणजे रेड्याचं. वाघाशी झुंजून मेलेला हेला होता तो, त्यामुळे रागही त्याच्याकडूनच आला असावा.

मला इथं का टांगलं ते सांगतो. मृगात नदी तांबडी झाली की अंड्यांनी जड झालेल्या मासोळ्या खालून येतात आणि आमच्या डोहात दम खातात. पंधरा-वीस दिवसांनी त्या नाल्यांतून वर चढतात आणि अंडी घालतात. नेमकं त्याच पाण्यावर जंगलातलं लाकूड सिरोंच्याकडे निघतं. सागाचे ओंडके बांबूंना वेलींनी बांधलेले, एकेक तराफा घराएवढा. असा तराफा डोहातून घासत गेला की मासोळी चेंगरते, उरलेली भेदरून माघारी फिरते आणि मासोळीवर जगणाऱ्या ढिवरांच्या चुली वर्षभर थंड राहतात. यावरून आधी दोनदा डोकी फुटली होती. शेवटी दोन्हीकडच्यांनी बसून ठरवलं. मासोळीच्या दिवसांत मी सकाळ-संध्याकाळ वाजणार. मी वाजतोय तोवर तराफे वरच्या वळणावर वाळूत बांधून ठेवायचे. मी गप्प झालो की वाट मोकळी.

मला वाजवायचा मान मुखरू ढिवराच्या घराचा. पावसाळ्यात माझं कातडं ओल्या पोत्यासारखं होतं, म्हणून तो रोज आधी जाळ करून मला शेकायचा आणि शेकताना मनसोक्त शिव्या द्यायचा. तराफ्यांचा मुकादम बशीर, वरोऱ्याचा. ठेकेदार घाई कर म्हणून त्याच्यावर पिसाळायचा, पण माझा आवाज आला की बशीर तराफे बांधायचाच. आठ वर्षं त्यानं शब्द मोडला नाही. दुपारी काठाकाठानं चालत यायचा, मुखरूजवळ बसून बिडी ओढायचा, त्याला भाऊ म्हणायचा. मला तो माणूस आवडायचा.

पंचावन्न साली मासोळीच्या चौथ्या दिवशी मुखरूची आई गुणाबाई गेली. घराला सुतक लागलं. सुतकाच्या हातानं ढोल वाजवायचा नसतो आणि मान त्या घरचा, म्हणून दुसऱ्यानंही हात लावायचा नसतो. मला खाली उतरवलं, पालथं घातलं, वर घोंगडं टाकलं. तीन दिवसांसाठी.

मुखरूची बायको मंगली म्हणाली, कोणीतरी वळणावर जाऊन बशीरला सांगून या. पण सुतकाच्या घरचा निरोप घेऊन जायला कोणी उठेना. मुखरूही म्हणाला, बशीर आठ वर्षं येतोय, त्याला आपले दिवस तोंडपाठ आहेत, त्याला काय सांगायचं? मी घोंगड्याखाली चरफडत होतो, पण न मारता बोलायचं कसं!

वर काय घडलं ते मला पुढे बशीरच्या भावाच्या, गुलाम रसूलच्या तोंडून कळलं. बशीर दोन दिवस कान लावून बसला होता. ठेकेदाराचा माणूस त्याच्या उरावर, खाली डोहाकडे येऊही देईना. ढोल बंद म्हणजे मासोळी यंदा लवकर चढली, म्हणाला. तिसऱ्या सकाळी बशीरनं पाच तराफे सोडले.

त्याच सकाळी मुखरू आणि त्याचे भाऊ डोकी भादरून, तिसऱ्याची आंघोळ करायला डोहात गळ्याएवढ्या पाण्यात उभे होते. मंगली मागून कपडे घेऊन खडकावर आली. तिनं वळणावर पहिला तराफा पाहिला. खालची माणसं तिकडे पाठ करून उभी, आणि पाण्याच्या घोंघाटात तिची हाक त्यांना जाईना.

तिनं घोंगडं फेकलं, मला उचलून बसवलं आणि वाजवायचं टिपरू हाणलं. थप्प! तीन दिवसांत जाळ दिसला नव्हता मला. ओलं कातडं काय आवाज करणार? मग ती वेड्यासारखी मारत सुटली. कातड्यावर, कडेवर, लाकडावर, जिथं लागेल तिथं. इतका मार मी जन्मात खाल्ला नव्हता. माझं कातडं उभं फाटलं. लाकूड मात्र ठणठणलं आणि ते पहिल्या तराफ्यावरच्या बशीरला ऐकू गेलं.

त्यानं सगळं अंग वल्ह्यावर टाकलं आणि पाण्यातली माणसं चुकवायला तराफा माझ्या खडकावर घातला. मागचे दोन त्याच्यावर चढले. वेली तटातट तुटल्या, ओंडके उभे राहून कोसळले. तराफ्यावरचा एक माणूस तर पाण्याबाहेर आलाच नाही. मुखरू आणि त्याचे भाऊ वाचले, पण ओंडके घरंगळत डोहात गेले आणि थोड्याच वेळात पांढऱ्या पोटाच्या मासोळ्या पाण्यावर तरंगू लागल्या. बशीर वाळूवर फेकला गेला होता. त्याचा एक पाय ओंडक्याखाली चेंदला होता.

मुखरू पाण्यातून वर आला तो रागानं आंधळा होऊन. त्यानं मंगलीच्या हातातलं टिपरू हिसकावलं. माझं टिपरू. ते बशीरच्या डोक्यात घातलं, पुन्हा घातलं. मार खाण्यात माझी हयात गेली, पण माणसाच्या डोक्याचा असला आवाज मी ऐकला नव्हता. मंगली त्याच्या दंडाला लोंबकळली, तरी तिसरा घाव बसलाच.

बशीर त्याच्याकडे बघत होता. म्हणाला, "ढोल नाई वाजला, मुखरूभाऊ. मी कान देऊन बसलो होतो."

मुखरूचा हात तिथंच थांबला. बशीर दुपारपर्यंत तसाच वाळूवर होता. मग गेला.

पोलीस आले. त्यांनी मुखरूला नेलं आणि टिपरूही नेलं. त्या वर्षी जाळी रिकामी आली आणि सावरटोल्यानं कंदमुळांवर दिवस काढले. मला नवं कातडं चढलं, नवं टिपरू आलं. मंगली वाजवू लागली. बाईनं ढोलाला हात लावावा का, यावर लोक कुजबुजले, पण मुखरूच्या घरात दुसरं होतं कोण? भाऊ तर खडकाकडे फिरकायलाही तयार नव्हते.

त्याला आता काही पावसाळे झाले. आज सकाळी तुरुंगातून निरोप आला, मुखरू तापानं गेला. मासोळीचा सहावा दिवस आहे. मंगलीनं खडकावरच बांगड्या फोडल्या. गावची चार माणसं रिवाजाप्रमाणे मला उतरवायला आली, तशी ती आडवी आली.

"त्याले हात नका लावू," ती म्हणाली. "आज हा मुका राह्यला त आणखी कोणाचा तरी बशीर मरते."

तिनं जाळ केला, मला शेकलं आणि वाजवलं. रडत वाजवलं. संध्याकाळी तिचा खांदा उचलेना. तेवढ्यात काठाकाठानं गुलाम रसूल आला. यंदा तराफ्यांचा मुकादम तोच आहे. तराफे बांधून आला होता. तो जाळापाशी बसला, दोन लाकडं आत सारली आणि हात पुढे केला. मंगलीनं टिपरू त्याच्या हातात दिलं. आता तोच मला वाजवतोय. जोरात मारतो, भाऊ गमावलेला माणूस मारेल तसा, आणि मी तक्रार करणार नाही.

गावातली ती चार माणसं अजून खाली उभी आहेत. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, मला हात असते तर. मान कोणाचा आणि विटाळ कोणाचा, हा वाद पाणी ओसरल्यावर घाला. वळणावर अजून तराफे येतायत.