आजवर एकही बुडलं नाही

"तरंगलं! बघा, तरंगलं!"

शहापुरातल्या कोष्टी गल्लीत त्या सकाळी एकही माग चालत नव्हता. एरवी तिथे धोट्याच्या खटखटीत माणसाला ओरडून बोलावं लागतं. आज विणकर मागाच्या खड्ड्यातून उठून अंबाजीच्या अंगणात दाटीवाटीने उभे होते, पोरं भिंतीवर चढली होती आणि सगळ्यांच्या माना एका पितळी परातीवर वाकल्या होत्या. परातीत हळदीचं पाणी होतं. त्यावर बोटाएवढा काळपट, लिबलिबीत तुकडा तरंगत होता. भोवती थुंकीचा फेस. दोन माश्या आधीच त्यावर उतरल्या होत्या.

तो तुकडा म्हणे अंबाजीच्या छातीतलं किडलेलं फुफ्फुस होतं.

ते काढणारा मष्णूबाबा निपाणीकडून आलेला होता. त्याच्याजवळ गुराचं एक पोकळ शिंग होतं. शिंगाचं रुंद तोंड तो रोग्याच्या बरगड्यांवर टेकवी, दुसरं टोक तोंडात धरी, डोळे फिरवून ओढी, आणि मग परातीत थुंके. रोग्याच्या अंगावर जखम नाही की ओरखडा नाही. बडबड त्याचा चेला भरमू करी.

"ना सुई, ना सुरी! रक्ताचा थेंब न्हाय! इंग्रजी डाक्टर छाती फाडतोय, आमचं बाबा नुसतं वडून काढतंय! पाप जड असतंय. बाबाच्या तोंडाला लागलं की हलकं हुतंय. बुडलं तर माणूस गेला, तरंगलं तर वाचला! आजवर एकबी बुडलं न्हाय!"

लोक हात जोडत होते. एका म्हातारीने परातीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि डोळ्यांना लावलं.

मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते. राहते अनगोळला. आमच्या घरातल्या साड्या वर्षानुवर्षं अंबाजीने विणलेल्या, त्यामुळे त्याच्याशी जुना घरोबा. १९३८च्या त्या उन्हाळ्यात त्याला धाप लागू लागली, तेव्हा त्याला डॉक्टर हेरेकरांकडे मीच नेलं होतं. मिरजेहून काढून आणलेल्या क्ष-किरणांच्या काचेवर उजव्या बाजूला लिंबाएवढा डाग होता.

डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, यल्लव्वाला, समोर बसवून सरळ सांगितलं होतं. "हा डाग पू असेल, क्षय असेल किंवा गाठही असेल. पोकळ सुई आत घालून तिथला कण काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर कळतं. पण अंबाजीची फुफ्फुसं फुगून पातळ झालीत. सुईनं भोक पडलं तर हवा छातीच्या पोकळीत शिरेल आणि फुफ्फुस मिटेल. धडधाकट माणूस दुसऱ्या फुफ्फुसावर निभावून नेतो. याचं दुसरंही तसंच आहे. म्हणून आत्ता सुई नको. आधी थुंकी तपासू, त्याला जरा उभारी येऊ दे, मग बघू."

मला वाटलं, किती नीट सांगितलं. यल्लव्वाने मात्र त्यातून एकच गोष्ट उचलली: डॉक्टर भ्याला.

"मास्तरीणबाई, तुमचा डाक्टर सुईला भितोय," ती आता मला म्हणाली. "ह्यो बाबा बघा. चार बारी काढलं, भ्याला न्हाय."

"मग मालकांची धाप कमी झाली का, मावशी?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. अंबाजी खांबाला टेकून बसला होता. ओठ निळसर. बोलायचं म्हटलं तर दोन शब्दांमध्ये थांबावं लागत होतं.

"हलकं... वाटतंय," तो म्हणाला. एवढी माणसं बघत असताना तो दुसरं काय म्हणणार?

धाप कमी होत नाही हे बाबालाही दिसत होतं. तोंड पुसून त्याने घोषणा केली, "फांद्या काढल्या. मूळ आत हाय. उद्या सकाळी दाभण तापवून छातीत घालतो, मुळाला वाट करून देतो, आन् वडून काढतो. मग मी चाललो, मला फुडं बोलावणं हाय."

गल्लीने जयजयकार केला. पोती शिवायचं दाभण! स्वच्छ खोलीत, उकळलेल्या बारीक सुईने जे करायला डॉक्टर धजत नव्हते, ते हा माश्यांच्या अंगणात करणार होता.

"मावशी, मारून टाकेल तो त्यांना!"

"ए मास्तरीण, इंग्रजी शिकलीस म्हणून देवाला शिकवू नगंस!" मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. यल्लव्वा म्हणाली, "बाई, तुमच्याकडं दुसरं काय हाय का? असलं तर सांगा. नसलं तर मला अडवू नगा."

प्रश्न रास्त होता. घरी चालताना तोच डोक्यात होता, आणि त्याच्याबरोबर दोन बारीकशा गोष्टी.

पहिली तो तुकडा. तो तरंगला कसा? दुसरी बाबाचं मौन. पडद्याआडून पूजा करून बाहेर आला की तो मौनात असे. तेव्हा सगळं भरमू बोले. थुंकून झालं की बाबाची वाचा धबधब्यासारखी सुटे. असलं कसलं मौन, जे बरोबर थुंकण्याशी सुटतं?

मी तशीच डॉक्टरांकडे गेले. तुकड्याचं ऐकल्यावर ते हसलेसुद्धा नाहीत. कपाटातून त्यांनी एक बरणी काढली. विद्यार्थी असताना जपून ठेवलेला, न्यूमोनियाने घट्ट झालेल्या फुफ्फुसाचा तुकडा होता तो. "तुम्ही घरी जाताना कॅम्पातल्या बाजारात जा," ते म्हणाले, "आणि खाटकाकडून एक वस्तू आणा."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा शेगडीत दाभण लाल होत होतं. अंबाजीची छाती उघडी. बाबा पडद्याआडून बाहेर आला आणि भरमूने सुरू केलं, "बाबा मौनात हाईत! कुणी बोलू नगा!"

मी यल्लव्वाचा हात धरला. "मावशी, मी अडवत नाही. दाभणाआधी एवढंच करा. बाबांना तुमच्या मालकांचं नाव घ्यायला सांगा. ज्याच्या छातीत लोखंड घालायचं, त्याचं नाव तरी घेतील ना?"

यल्लव्वाने माझ्याकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या निळ्या ओठांकडे. ती पुढे झाली.

"बाबा, एकदा 'अंबाजी' म्हणा. लई न्हाय मागत."

"मौन मोडतंय, आक्का!" भरमू किंचाळला.

"मोडू दे. पाप मला लागंल. म्हणा, बाबा."

बाबाने मान हलवली, डोळे वटारले. डावा गाल टरारलेला स्पष्ट दिसत होता. यल्लव्वा हलेना. तेव्हा त्याने गालातलं ते गिळायचा प्रयत्न केला.

ते गिळण्याजोगं नव्हतं. त्याला ठसका लागला, चेहरा जांभळा पडला, हातातलं शिंग गळून पडलं. डॉक्टरांनी धावत जाऊन त्याच्या पाठीत जोरात थापट्या मारल्या. तंबाखूच्या काळ्या लाळेसकट एक तुकडा त्याच्या तोंडातून फरशीवर पडला. शिंग छातीला लागायच्या आधीच अंबाजीचं फुफ्फुस बाबाच्या गालातून बाहेर आलं होतं.

मी बरोबर आणलेला डबा उघडला आणि आतली वस्तू परातीत सोडली. तीही तरंगली.

"हे काय?" यल्लव्वाने विचारलं.

"बकऱ्याचं फुफ्फुस. कालच कापलेल्या बकऱ्याचं."

बायका मागे सरकल्या. त्या गल्लीत कुणाच्या चुलीवर मांस चढत नाही. "शिव शिव! आमच्या अंगणात मांस आणलंत?"

"मी आज पहिल्यांदा आणलं, मावशी. हा रोज आणत होता."

गल्लीतल्यांनी फुफ्फुस कधी पाहिलेलंच नव्हतं, म्हणून बाबाने ही गल्ली निवडली होती. मटण खाणाऱ्या कुठल्याही घरात पोराने सांगितलं असतं हे काय आहे. इथे तंबाखूच्या रसात काळं केलेलं बकऱ्याचं मांस लोकांनी भक्तीने उचललं आणि बाबाच्या आज्ञेवरून चौडेश्वरीच्या देवळामागे पुरलं. ज्या म्हातारीने काल ते पाणी डोळ्यांना लावलं होतं, ती गटारीपाशी बसून ओकत होती.

डॉक्टरांनी फरशीवरचा तुकडा चिमट्याने पाण्याखाली दाबला. बुडबुडे आले. "निरोगी फुफ्फुसात हवा असते, म्हणून ते तरंगतं." मग बरोबर आणलेल्या बरणीतला तुकडा पाण्यात सोडला. तो दगडासारखा तळाला गेला. "रोगानं घट्ट झालेलं असं बुडतं. हा म्हणत होता, आजवर एकही बुडलं नाही. रोग्याचं एक जरी असतं, तर बुडालं असतं."

भरमू तोवर शिंग टाकून पळाला होता. बाबाला विणकरांनी धरून ठेवलं. यल्लव्वाने शेगडीतलं दाभण सांडशीने उचललं. क्षणभर मला तिची भीती वाटली. तिने ते त्याच परातीत बुडवलं. चर्र झालं, घाण वाफ उठली.

"डाक्टर," ती म्हणाली, "तुमी भ्यालासा, ते ह्यांच्यासाठी व्हय?"

"हो," डॉक्टर म्हणाले. "आणि अजूनही भितो."

अंबाजीच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत. डाग पुवाचा निघाला. पालथं, उताणं झोपवून, खोकवून डॉक्टरांनी महिनोन्‌महिने तो काढला. सुई लागलीच नाही. आज अंबाजी अर्धा दिवस मागावर बसतो. धाप आहेच. कोणी त्याला चमत्कार म्हणत नाही, आणि तो नाहीही.

मला अजून किळस येते ती त्या तुकड्याची नव्हे. बकऱ्याचा त्यात काय दोष? किळस येते ती मरणाच्या दारातल्या माणसाला "धोका मुळीच नाही" असं खुशाल सांगणाऱ्या तोंडाची. जो तुमच्या देहाला हात लावण्याआधी काय बिघडू शकतं ते सांगतो, अमक्याला चालेल पण तुम्हाला नको म्हणतो, वेळप्रसंगी हात मागे घेतो, तो भित्रा नव्हे. त्याने तुमचा देह पाहिलेला असतो. बाबाने अंबाजीची छाती पाहिलीच नव्हती. त्याने गल्ली पाहिली होती.

म्हणून सांगते: तुमच्या दारी कोणी सुईवाचून, रक्तावाचून, धोक्यावाचून बरं करायला आला, तर हात जोडायच्या आधी एक करा. त्याला रोग्याचं नाव घ्यायला सांगा, आणि तोंड उघडेपर्यंत समोरून हलू नका.